ललकारीत नसलेलं नाव

३० ऑक्टोबर १९४५.

तुमचा अंगरखा धुवायला बादली भरून घेतली आहे. थंड पाण्याची. रक्त गरम पाण्यानं बसतं आणि थंड पाण्यानं निघतं, हे बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही. रिठे काल रात्रीच भिजत घातले होते. वाड्यावरून निरोप आहे की चोपदाराचा सरकारी पोशाख धुऊन, वाळवून जामदारखान्यात जमा करावा. पागोटं आणि कमरबंद मी आधीच नेऊन दिले. अंगरखा राहिला, कारण तो तुमच्या अंगावरून बंद तोडून काढावा लागला होता आणि नवे बंद शिवल्याशिवाय परत करायचा नव्हता. नाहीतर म्हणायचे, मास्तरीणबाईंनी सरकारी माल खराब केला.

तांबडी बनात. चोपदारांना लाल कापड देतात ते डाग दिसू नये म्हणूनच, असं मी एकदा चेष्टेनं म्हटलं होतं. तुम्ही हसला नव्हतात. आता उन्हात धरून पाहिलं तर दिसतो डाग. लालावर काळा दिसतो.

अंगरखा अजून पाण्यात घातलेला नाही. तो ओट्यावर आहे, बादली खाली आहे आणि मी मध्ये बसून हे लिहिते आहे. का, ते येईलच पुढे. मला सगळं क्रमानं सांगायची सवय आहे.

आपलं संस्थान ते केवढं. घोड्याला टाच मारली की कवठे महांकाळच्या वाटेवर हद्द संपते. पण ललकारी अशी लांब, की लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दिल्लीचा बादशहाच निघाला आहे. वाड्याच्या देवडीपुढे तुम्ही उभे. हातात छातीइतकी उंच, रुप्यानं मढवलेली काठी, वर वाघाचं तोंड. थोरले सरकार बाहेर पडले की तुमचा आवाज आधी बाहेर पडायचा. श्रीमंत, सरलष्कर, समशेरबहादर, दोस्तदार, जयवंतराव राजेसाहेब. माझं माहेर साताऱ्याचं. तिथे गादी केवढी मोठी, तरी असा आवाज मी ऐकला नव्हता. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही घरातही तसंच बोलला असतात.

पहिल्या वर्षीच मी विचारलं होतं, हे किताब मिळाले कशाबद्दल? मी सातवी पास होते, संस्थानच्या मुलींच्या शाळेत लागले होते आणि मुलींना शिकवायचं तर नीट माहीत असावं एवढाच हेतू. तुम्ही पान जमवता जमवता सांगितलंत.

"सरलष्कर म्हंजे सख्ख्या साडूचं मुंडकं. परातीत घालून, वर रेशमी रुमाल टाकून विजापूरच्या बादशहाफुडं ठेवलं. बादशहानं रुमाल उचलला आन म्हनला, आजपास्नं तू सरलष्कर."

"आणि समशेरबहादर?"

"त्यो साताऱ्याच्या गादीचा. घाट आडवून लय मानसं कापली. खालचा वढा लाल झाला हुता म्हनत्यात."

"दोस्तदार?"

"सत्तावनच्या बंडातली पोरं आसऱ्याला आली हुती. वाड्यात जेवाय घातली आन हात धुवायच्या आत गोऱ्यांच्या ताब्यात दिली. देवडीफुडच्या चिंचंला टांगली त्यास्नी. मग गोऱ्यांनी किताब दिला."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही रोज सकाळी हे खून ओरडून सांगता."

"वरडून सांगतो म्हून तर कुनी इसरत न्हाई," तुम्ही म्हणालात आणि पान तोंडात टाकलंत. पान तोंडात गेलं की तुमच्याशी वाद घालता येत नसे. ते तुम्ही पुष्कळदा मुद्दाम करायचात.

आपला खरा वाद निराळाच होता, आणि तो मिटला नाही. मला वाटायचं, किताब म्हणजे तोंडची वाफ. ज्याला हवी त्याच्यावर सोडावी, घरी येऊन जेवावं. तुम्ही म्हणायचात, "किताब म्हंजे पागोटं, मानूस म्हंजे खुंटी. पागोटं गादीचं आसतंय. खुंटी बदलती." मी विचारायची, मग खुंटीला एवढे मुजरे कशाला? त्यावर तुम्ही, "मास्तरीणबाई, तुमी पोरीस्नी बाराखडी शिकवा." मला चिडवायचं असलं की 'तुमी' आणि 'मास्तरीणबाई'. एरवी 'आगं'.

वाड्यातली ही भाषा तुम्ही घरीही आणायचात. वाड्यातलं कुणी जेवत नसे, त्यांचं भोजन होई. कुणी झोपत नसे, आराम होई. थोरल्या सरकारांच्या कुत्र्यालासुद्धा तुम्ही 'या, बसा' म्हणायचात. आणि थोरल्या सरकारांनी एकदा आचाऱ्याच्या हातावर कढईतलं तेल ओतलं, तेव्हा तुम्ही मला घरी येऊन सांगितलंत, "आज सरकारांची मर्जी बिघडली हुती." मी ते वाक्य ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आचाऱ्याचा हात पाहून आले. सालटं कोपरापर्यंत निघालं होतं. त्या दिवशी आपण एकमेकांशी बोललो नाही.

नावं घेण्याच्या बाबतीत मात्र आपण सारखेच होतो. राजघराण्यातल्या माणसाचं उघडं नाव संस्थानात कुणी घेत नसे. पोराबाळांची तीच नावं ठेवत नसत. थोरल्या सरकारांचं नाव वर्षानुवर्षं फक्त तुमच्या तोंडून, आणि तेही किताबांच्या मागून. धाकट्या सरकारांचं, म्हणजे त्यांच्या भावाचं, तर कुणाच्याच तोंडी नव्हतं. ते नुसतेच धाकटे सरकार. आणि तुमचं नाव मी घेत नव्हते. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. तुमच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं तुमचं ते नाव ठेवलेलं, सटवाईची नजर जाऊ नये असं. त्या नावामुळे मला एक साधा रोजचा शब्द टाकावा लागला. आमच्या वर्गाचं दार वाऱ्यानं आपटतं. मी म्हणायची, 'दाराला धोंडा लावा'. पोरी पदरात तोंड घालून हसायच्या. कधीकधी नुसतं मला 'धोंडा' म्हणायला लावायला दार मोकळं सोडायच्या.

आषाढात थोरले सरकार गेले. मूलबाळ नाही. राणीसाहेबांना दत्तक घ्यायचा होता, धाकट्या सरकारांना स्वतः गादीवर बसायचं होतं. दोघांचे अर्ज वर इंग्रजाकडे गेले. तिकडून मान्यतेचा कागद आला नव्हता, म्हणजे कायद्यानं गादी रिकामी होती. दसरा जवळ आला तसा धाकट्या सरकारांचा हुकूम सुटला की सीमोल्लंघनाच्या स्वारीत चोपदारानं गादीचे सगळे किताब आमच्या नावाआधी घ्यावेत. सगळ्या रयतेनं एकदा ते ऐकलं की इंग्रजाचा कागद मागाहून येतोच, असा त्यांचा हिशेब होता. तो काही अगदी चुकीचा नव्हता. इथे लोक डोळ्यांपेक्षा तुमच्या आवाजावर जास्त विश्वास ठेवायचे.

तुम्ही घरी येऊन पाटावर बसलात आणि जेवला नाहीत. "कागद आल्याबिगर कसं म्हनायचं?"

मी म्हटलं, "ज्यांच्या हातात चाबूक आहे ते सांगतात तसं. उद्या काय सांगितलंय ते म्हणा आणि घरी या. शाळूची पेरणी पडली आहे."

"व्हय," तुम्ही म्हणालात. एवढंच.

दसऱ्याला पहाटे तुम्ही गोठ्यात म्हशीपुढे उभे राहून तालीम केलीत. नेहमीची सवय. म्हैसही आता ललकारी झाल्याशिवाय पान्हा सोडत नसे. मी धार काढत होते. तुम्ही नवी ललकारी दोनदा म्हटलीत, दोन्ही वेळा बिनचूक, धाकट्या सरकारांच्या नावासकट. मी तुमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मनात म्हटलं, चला, शहाणपण आलं.

आपट्याच्या झाडापाशी माझ्या शाळेच्या पोरी ओळीनं उभ्या होत्या, स्वागताचं पद म्हणायला. मी त्यांच्या टोकाला. स्वारी आली. पुढे शिंगवाला, मग तुम्ही, मागे पाखऱ्या घोड्यावर धाकटे सरकार. तुम्ही काठी जमिनीवर आपटलीत आणि आवाज लावलात. श्रीमंत. सरलष्कर. समशेरबहादर. दोस्तदार. मग श्वास घेतलात. मग म्हणालात, जयवंतराव राजेसाहेब.

मेलेल्या माणसाचं नाव.

क्षणभर शिंगसुद्धा थांबलं. मग तटावर बसलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातून, पण त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटतं, ते हसू आलं नसतं तर तुम्ही आज असता. धाकटे सरकार खाली उतरले. लगाम हणमंत मोतद्दाराकडे फेकला. तुमच्या हातातून काठी घेतली. तुम्ही ती दिलीत. सरकार मागतात तर देतात, तशी दोन्ही हातांनी दिलीत.

पहिला तडाखा जबड्यावर बसला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तुमचं पागोटं उडून पोरींच्या पायाशी आलं. मी पोरींना म्हटलं, "तोंडं फिरवा." त्यांनी फिरवली. मी फिरवलं नाही. तुम्ही पालथे पडलात आणि मग ते पाठीवर मारत राहिले, कणसं झोडपावीत तसे, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन. दर तडाख्याला एकच विचारत होते, "कुणाचं नाव? कुणाचं नाव घेतलंस?" जबडा मोडलेल्या माणसाला. शिंगवाल्याला वाटलं आपण थांबलो म्हणून हे चाललं आहे. तो पुन्हा जोरानं फुंकायला लागला, आणि शेवटपर्यंत फुंकत राहिला. वाघाचं ते तोंड मी आदल्या दिवशी चिंच आणि राख लावून घासलं होतं. त्यात माझं तोंड दिसेपर्यंत घासलं होतं.

मी पुढे गेले नाही. पोरी माझ्या ताब्यात होत्या, आणि गेले असते तर दोघांना उचलून आणावं लागलं असतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मारणं झालं, काठी टाकली गेली, आणि धाकटे सरकार घोड्यावर बसून आपट्याकडे गेले. स्वारीही त्यांच्या मागे गेली. माणसांनी तुमच्या अंगाला वळसा घालून वाट काढली आणि सोनं लुटलं. परत येताना दोघातिघांनी माझ्या हातात आपट्याची पानं दिली. सणाची रीत म्हणून दिली असतील. मीही घेतली.

हणमंतानं आणि मी तुम्हाला शाळेच्या बाकावर घालून घरी आणलं. वैद्यांनी जबडा फडक्यानं बांधला. पाठ पाहिली आणि हळद मागितली, आणि किती हळद म्हणून विचारलं तर आपली पिशवी आवरायला लागले. तेव्हाच मला कळलं. चमच्यानं घातलेलं पाणी तसंच कानाकडे ओघळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही शुद्धीवर होतात. नजर स्वच्छ होती. मी विचारायला नको होतं असं लोक म्हणतील. मी विचारलं, कारण मला माहीत करून घ्यायचं होतं. "चुकून आलं का मुद्दाम घेतलंत? मुद्दाम असेल तर डोळे मिटा."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग डोळे मिटलेत.

पण ते परत उघडले नाहीत. उत्तर दिलंत की गेलात, ते मला कळलं नाही. तुमचा हात धरून मी बराच वेळ बसले, उघडाल म्हणून. मग उठले आणि पाणी तापवायला ठेवलं.

त्यानंतर वाड्यानं घोडा मारला. घोडा बुजला आणि त्यानं चोपदाराला तुडवलं, असं ठरलं होतं. मग घोड्याला शासन नको? तबेल्यामागे हणमंताच्या हातात दोर देऊन पाखऱ्याला उभा केला. पहिली गोळी मानेला चाटून गेली. घोडं ओरडलं आणि हणमंताला ओढत भिंतीपर्यंत घेऊन गेलं. दुसरी पोटात बसली. तिसऱ्या गोळीला पडलं, आणि पडल्यावरही पाय झाडत राहिलं. मी शाळेत होते, तिथपर्यंत ऐकू आलं. दहा दिवस सुतक पाळायचं होतं, पण मी जातच होते. घरात बसून काय करायचं?

मग लोक येऊ लागले. राणीसाहेबांनी नारळ आणि लुगडं पाठवलं. आणणारी बाई म्हणाली, "राणीसाहेब म्हणाल्या, चोपदारानं आमच्या कुंकवाचं नाव राखलं." मी लुगडं घेतलं, चांगलं होतं. मग एके दिवशी शेतात पेरणी चाललेली असताना इंग्रजाविरुद्ध डोंगरात भूमिगत झालेल्या मंडळींपैकी एक जण आला. त्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे, गावगुंडांच्या आणि खबऱ्यांच्या तळपायांवर काठ्या घालतात ते.

"वैनी, तुमी नुस्तं व्हय म्हना. तळपायाचं सालटं काढतो त्येच्या. पुन्ना घोड्यावर बसायचा न्हाई."

"आणि मग?"

"मग काय. न्याय झाला की. चोपदारदादांनी भर दसऱ्यात सरकारशाहीच्या थोबाडात मारली, आमी गावोगाव सांगतोय."

मी म्हटलं, "मार कुणाच्या थोबाडावर बसला ते मी पाहिलंय, बाबा. आणि ह्यांनी उभ्या जन्मात मुजऱ्याशिवाय हात उचलला नाही. काठ्या तुमच्या तुमच्याजवळ ठेवा. एक काठी मी पाहिली, पुरे झाली."

"मंजी गप बसनार तुमी?"

"ते माझं मी बघते. बैल सोडायची वेळ झाली, वाट सोडा."

तर असं आहे. राणीसाहेबांसाठी तुम्ही इमानी, डोंगरातल्यांसाठी क्रांतिकारक, वाड्यासाठी घोड्याच्या पायाखाली सापडलेले. म्हशीपुढची तालीम फक्त मला माहीत आहे, आणि मला सांगता येत नाही तुम्ही कोण. बत्तीस दातांत अडकलेलं जुनं नाव सवयीनं बाहेर आलं असेल. तुम्ही गोठ्यात मला ऐकवायला नवी ललकारी म्हटली असेल, पोरगी निजावी म्हणून खोटं सांगतात तशी. दोन्ही तुम्हाला शोभतं.

तेराव्याला कारभारी आले. पानावर बसले, दोन घास खाल्ले, आणि हात धुता धुता म्हणाले, "मास्तरीणबाई, सरकारांना फार वाईट वाटलं."

"कुठल्या?"

त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. "वरचे साहेब चौकशीला आले आहेत. परवा परत जातील. साक्षी झाल्या. सगळ्यांनी घोडाच सांगितलं. तुमची तेवढी राहिली. तुम्हीही घोडा म्हणा. चोपदारीचं शेत घरात राहील. मुलगा पलटणीतून सुटून आला की काठीसुद्धा त्याच्याच हातात."

"तीच काठी?"

"वरचा पत्रा नवा ठोकून घेतला आहे. काही दिसत नाही आता."

खरं सांगायचं तर मी विचार केला. शेत विहिरीचं आहे. शाळू मी स्वतः उभी राहून पेरून घेतला, तो चार पानांवर आला आहे. घोडा मेलेला, त्याच्यावर आळ आल्यानं त्याचं काही बिघडत नाही. तुम्ही आणि मी दोघांनीही आयुष्यभर 'मर्जी बिघडली' असंच म्हटलं, मग आणखी एकदा 'घोडा बुजला' म्हणायला काय हरकत? अंगरखा धुवायचा, द्यायचा, घोडा म्हणायचं आणि पोराला यायला सांगायचं, असं काल रात्री झोपताना माझं जवळजवळ ठरलं होतं. रिठे त्यासाठीच भिजत घातले.

आज सकाळी बंद शिवायला अंगरखा उलटा केला. पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, बनात फुटली आहे. एक मोठं भोक नाही. बारीक भोकांच्या जोड्या आहेत, दोन बोटांच्या अंतरानं, कुठे तिरप्या, कुठे एकावर एक. मी बोट घालून पाहिलं. ते अंतर माझ्या बोटांना पाठ आहे. वाघाच्या दोन कानांच्या मधली जागा घासायला मी चिंच तिथे बोटानं दाबून भरायची. घोड्याच्या टापेला कान नसतात.

तेवढ्यात हणमंत आला. पाखऱ्या गेल्यापासून त्याला काम नाही, तो येऊन पायरीवर बसतो. मी अंगरखा दाखवला.

"पाखऱ्या माज्या हातात हुता, बाई. पाय बी हालवला न्हाई त्यानं. लय गुनी जनावर."

"मग साहेबाला हे का नाही सांगितलं?"

"सांगाय गेलो हुतो. साहेब म्हनला, कुनी मारलं? मी म्हनलो, सरकारांनी. साहेब म्हनला, सरकार म्हंजे कोन? नाव सांग, कागदावर नाव लागतंय. आता मला नावच ठावं न्हाई. पंचवीस वर्सं त्येंचं घोडं राखलं. कारभारी शेजारीच बसल्यालं. त्ये म्हनलं, घोडा बुजला न्हवं रं? मी म्हनलो, व्हय." त्यानं पायरीवरची माती बोटानं उकरली. "आन नाव ठावं आसतं तरी जीभ उचलली नसती, बाई. तुमाला काय सांगू."

मला नाव ठाऊक आहे. शाळेच्या भिंतीवर दोघा भावांची तसबीर आहे, खाली नावं आहेत. ती मी दर शनिवारी पुसते.

हणमंत गेला. आत्ता एवढं लिहून उठले आणि बादलीतलं पाणी म्हशीपुढे ठेवलं. रिठ्याचं पाणी लुगड्यांना वापरलं.

आता तुम्हाला आवडणार नाही ते सांगते. तुम्ही असता तर म्हणाला असता, आगं, इंग्रजाच्या मानसाफुडं आपल्या घरची गोष्ट? तुमच्या दृष्टीनं वाडा घरच होता. मला तो कधी वाटला नाही. तुमच्या आवाजावर आपलं घर चाललं, पोर शिकलं, हे मी मानते. त्याच आवाजानं आचाऱ्याचा हात झाकला, हेही खरं आहे. दोन्ही मला एकाच माणसात ठेवून जगायचं आहे आता, आणि भांडायला तुम्ही नाही. तुम्ही पान तोंडात टाकलंत, असं समजते.

३१ ऑक्टोबर.

सकाळी धार काढली. म्हशीनं पान्हा सोडायला वेळ लावला. रोजच लावते.

अंगरखा ज्वारीच्या पोत्यात गुंडाळला आणि डाकबंगल्याकडे निघाले. विधवेनं इतक्यात उंबरा ओलांडू नये असं शेजारीण आजही दारातून म्हणाली. मी म्हटलं, परत येते, चूल बघा. देवडीपुढून जाताना पायातल्या वहाणा हातात घेऊन मुजरा करायची रीत. माझ्या दोन्ही हातांत गाठोडं होतं. तशीच गेले.

साहेब देशीच होता, चष्म्याचा. शेजारी कारभारी, खाली कारकून. खिडकीशी बरेच लोक उभे, त्यांत हणमंत.

"मयताचं नाव?" कारकुनानं विचारलं.

कारभारी पुढे झाले. "साहेब, आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी सांगतो."

"मी सांगते," मी म्हटलं. "दगडू."

"जरा मोठ्यानं."

मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं. "दगडू रामा चोपदार."

खिडकीशी कुजबुज झाली आणि थांबली. कारकुनानं लिहिलं. "मरण कशानं?"

मी अंगरखा टेबलावर उलटा पसरला आणि भोकांवर बोटं ठेवली. "काठीनं. ती जामदारखान्यात आहे. नवा पत्रा काढून बघा, खाली कान सापडतील. हे त्यांचं अंतर."

"कुणी मारलं?"

"रणधीर."

कारकुनाचा टाक थांबला. त्यानं कारभाऱ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "श्रीमंत रणधीरराव राजेसाहेब, असं लिहू?"

"मी सांगितलं तेवढं लिहा. रणधीर."

साहेबानं मान हलवली. त्यानं लिहिलं. मी वाचून पाहिलं, मग सही केली. अंगरखा साहेबानं ठेवून घेतला. बाहेर पडताना कारभारी जवळ येऊन म्हणाले, "शेत गेलं, मास्तरीणबाई. शाळाही संस्थानचीच आहे."

"शाळू मी पेरलाय," मी म्हटलं. "सुगी झाली की शेत घ्या. शाळेचं म्हणाल तर तुमचा कागद येईपर्यंत मी आहे."

पायऱ्यांवर हणमंत उभा होता. नुसते ओठ हलले त्याचे. दोन्हींपैकी कुठलं नाव म्हणून बघत होता कोण जाणे.

तिथून शाळेत गेले. पहिला तास निम्मा झाला होता, पोरी आपापल्या बोलत होत्या. मी आत गेले तशा गप्प झाल्या. वारा होता. फळ्यावर तारीख लिहीत होते तर मागे दार आपटलं. मी वळले नाही.

"दाराला दगड लावा गं," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. एक मुलगी उठली आणि तिनं दगड लावला.